पाच गुंठे, सावंतवाडी

लालबाग-परळ, दादर-गिरगावातल्या कित्येक घरांत एक जुनी फाइल असते. त्या फाइलीत कुठल्यातरी तालुक्याच्या गावातला एक प्लॉट असतो. तो विकायचा की ठेवायचा? ते ठरवायला आम्ही तुतारी एक्स्प्रेस पकडली...

कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, आईच्या शालूच्या खाली, एक प्लास्टिकची पिशवी असते. तुमच्याकडेही असेल बघा. तिच्यात एक पिवळी पडलेली फाइल, फाइलीत सातबारा, खरेदीखत, ले-आउटची झेरॉक्स आणि सारा भरल्याच्या पावत्या. लहानपणापासून आपल्याला एवढंच माहीत असतं की ‘आपली गावाला जागा आहे.’ कुठे, केवढी, कुणाच्या नावावर, हे विचारायची वेळ कधी येत नाही.

आमच्याकडे ती वेळ एका फोनमुळे आली. पलीकडे सावंतवाडीचा एक एजंट. ‘साहेब, तुमच्या पाच गुंठ्यांना पार्टी आहे. गोव्याची.’ त्यानं आकडा सांगितला, आणि मी ऑफिसमध्ये बसल्या बसल्या कॅल्क्युलेटर उघडला. त्या आकड्यात माझ्या वन बीएचकेचा टू बीएचके होत होता. ताईच्या मुलीच्या इंजिनीअरिंगची फी निघत होती. वर थोडे उरतही होते.

संध्याकाळी लालबागला गेलो आणि बाबांना सांगितलं. बाबा चहा पीत होते. म्हणाले, ‘विका की. तुमचंच आहे.’ मग कप खाली ठेवून म्हणाले, ‘पण आधी मोजणी करून घेऊ.’

एका गुंठ्यात सात खोल्या

आधी थोडं गणित. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट, म्हणजेच १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आमची लालबागची खोली दहा बाय सोळा, म्हणजे १६० चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोलीही साधारण एवढीच. म्हणजे एका गुंठ्यात आमच्या जवळपास सात खोल्या बसतात आणि पाच गुंठ्यांत चौतीस! बीडीडी चाळीच्या एका मजल्यावर वीस खोल्या असतात. याचा अर्थ, आमच्या बाबांच्या नावावर सावंतवाडीत पावणेदोन मजल्यांएवढी जमीन होती आणि आम्ही पाच जण दहा बाय सोळात पाय दुमडून झोपत होतो.

हे काही आमच्याच घरातलं आश्चर्य नाही. १८५६ साली ताडदेवला पहिली सूतगिरणी सुरू झाली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं कोकणातला, घाटावरचा माणूस परळ-लालबागच्या भोंग्यावर उठला. एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे गाळेकरी, खाणावळीतलं जेवण आणि महिन्याची मनिऑर्डर. मुंबईत राहायचं ते नोकरीपुरतं, घर गावाला, असा साधा हिशेब होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो हिशेब कायमचा मोडला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींसाठी ५८ वा नियम आला, २००१ साली तो बदलला, आणि जिथे साचे खडखडत होते तिथे मॉल आणि काचेचे टॉवर आले. अशाच एका काचेच्या टॉवरमध्ये, सतराव्या मजल्यावर, मी काम करतो. खालच्या कॉफी शॉपमधून एक जुनी चिमणी दिसते. तिथे सगळे फोटो काढतात. मीही काढलाय.

बाबांनी व्हीआरएस घेतली आणि त्यातला मोठा वाटा घालून २००० साली हा प्लॉट घेतला. मी तेव्हा शाळेत होतो. घरात भांडण झालेलं मला आठवतं. आईचं म्हणणं, डोंबिवलीला वन रूम किचन घ्या. बाबांचं म्हणणं, आधी जमीन. आई जवळजवळ वर्षभर त्या प्लॉटचा उल्लेख ‘तुमची ती सावंतवाडी’ असा करायची, सवत असल्यासारखा.

आता तुम्ही विचाराल, कोकणातल्या माणसाला गावाला जमीन असतेच, मग विकत कशाला घ्यायची? मीही हेच विचारलं. बाबांनी फाइलीतून दुसरा सातबारा काढला. आमच्या मूळ गावचा. त्यावर बत्तीस नावं होती. आजोबा, त्यांचे भाऊ, चुलतभाऊ, त्यांचे वारस. काहींना बाबांनी पाहिलंही नव्हतं. अशा सामाईक जमिनीत तुमचा हिस्सा कागदावर असतो, पण त्यावर कौलं चढवायची म्हटलं की बत्तीस सह्या लागतात. कोकणात वाडेच्या वाडे याच एका कारणानं पडून गेलेत. म्हणून मग बाबांनी तालुक्याच्या गावात, नगर परिषदेचा दिवा जवळ आहे अशा ठिकाणी, एकट्याच्या नावावर बिनशेती प्लॉट घेतला. गावच्या घराला तो पर्याय नव्हता आणि मुंबईच्या खोलीलाही नव्हता. तिसरीच काहीतरी जागा. ज्यात कुणाला विचारावं लागणार नाही अशी.

दादरही कधीतरी प्लॉटच होतं

यात गंमत अशी की मुंबईनं हे आधीही केलंय. कधी दादर पूर्वेला हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांतून सावकाश चाला. सरळ रस्ते, झाडांची रांग, प्रत्येक इमारतीला पुढे थोडी मोकळी जागा. हे आपोआप झालेलं नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. गिरगाव, मांडवीसारख्या दाट वस्त्यांनी श्वास कोंडला. १८९८ साली सरकारनं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि ट्रस्टनं दादर-माटुंग्याकडची शेतं आणि माळ घेऊन, रस्ते आखून, प्लॉट पाडले आणि ते भाडेपट्ट्यानं दिले. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हे सगळं त्यातून उभं राहिलं. पलीकडे पश्चिमेला शिवाजी पार्कचं मैदान १९२५ साली खुलं झालं. १९२७ पासून त्याला शिवरायांचं नाव आहे.

तेव्हाच्या गिरगावकराला दादर म्हणजे गावाबाहेर. तिकडे प्लॉट घेणाऱ्याला चाळीतले लोक काय म्हणाले असतील, याची मला कल्पना आहे. आई बाबांना म्हणाली तेच. ‘तिथे राहणार कोण?’

तुतारी

दादरहून रात्री बाराच्या ठोक्याला तुतारी निघते. आधी हिचं नाव राज्यराणी होतं. २०१७ साली केशवसुतांच्या कवितेवरून ‘तुतारी’ झालं. फलाटावर लालबागचा चिवडा, परळहून घेतलेला मसाला, कुणाची शिलाई मशीन, कुणाचा पंखा. मुंबईतून गावाला काहीतरी न्यायचंच, हा नियम अजून मोडलेला नाही. आमच्याकडे फाइल होती आणि एक मेजरिंग टेप. बाबांनी टेप भायखळ्याहून घेतला होता, शंभर फुटी.

बाबा खिडकीत बसले. त्यांच्या आधीची पिढी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं जायची. ते स्वतः एसटीनं, रात्रभर घाट मोजत. कोकण रेल्वेची संपूर्ण लाइन २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाली आणि दोनच वर्षांत त्यांनी प्लॉट घेतला. ‘रेल्वे आली नसती तर घेतला नसता,’ ते म्हणाले. ‘म्हटलं, म्हातारपणी जाऊ-येऊ शकू.’

चिपळूण गेल्यावर उजाडतं. मग करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आणि बाहेर पडल्यावर एकदम वेगळी हवा. फेब्रुवारी होता. काजू मोहरला होता. आंब्याखाली वाळलेल्या पानांचा ढीग. वैभववाडी, कणकवली, कुडाळ करत गाडी दुपारी सावंतवाडीला पोचते. स्टेशन गावात नाही, मळगावात आहे. तिथून रिक्षा.

तळ्याकाठचं गाव

सावंतवाडी म्हणजे जुनी सुंदरवाडी, सावंत-भोसले संस्थानाची राजधानी. गावाच्या मधोमध मोती तलाव, काठावर राजवाडा, मागे नरेंद्र डोंगर. तळ्याला फेरी मारली की अर्धं गाव भेटतं. संध्याकाळी कठड्यावर कॉलेजची मुलं, निवृत्त मास्तर, भेळवाला. आपल्या नरिमन पॉइंटचं हे पॉकेट एडिशन म्हणा ना.

चितार आळीत लाकडी खेळणी आणि लाकडी फळं मिळतात. लांबून फणस खराच वाटतो. राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते अजून हातानं रंगवतात. दशावतारी गंजिफात एकशेवीस पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी मागं लागून ती जिवंत ठेवली. मी एक पत्ता विकत घेतला. बाबा म्हणाले, ‘जुगाराचाच ना?’ आणि हसले.

बाजारातल्या खाणावळीत सुरमईचं ताट, तांबूस सोलकढी आणि गरम भाकरी. त्यानंतर झोपायला पाहिजे होतं. पण मोजणीची वेळ तीनची होती.

तीन फूट

प्लॉट गावाच्या कडेला आहे. तळ्यापासून रिक्षानं दहा मिनिटं. साधारण साठ बाय नव्वद. तांबडी माती, कमरेएवढं वाळलेलं गवत आणि मधोमध एक मोठा फणस. आजूबाजूला चार-पाच घरं झालीत, एक-दोन प्लॉट अजून आमच्यासारखेच रिकामे.

भूमी अभिलेख खात्याचे भूकरमापक वेळेवर आले. हल्ली साखळी ओढत नाहीत. रोव्हर नावाचं यंत्र असतं, ते उपग्रहावरून जागा घेतं. शेजाऱ्यांना आधी नोटिसा गेल्या होत्या, त्यामुळे तेही उभे. तासाभरात खुणा झाल्या. पश्चिमेच्या बाजूला सगळं ठीक. दक्षिणेला ठीक. उत्तरेला शेजारच्या काकांचा गडगा, म्हणजे सुट्या चिऱ्यांची भिंत, आमच्या हद्दीत तीन फूट आत होती. पूर्ण साठ फूट लांबीची.

तीन गुणिले साठ, एकशे ऐंशी चौरस फूट. मी मनात पटकन गुणाकार केला आणि चरकलो. आमच्या लालबागच्या खोलीपेक्षा वीस फूट जास्त!

यात मामला साधा नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांचा एक आकडा आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर कुणी बारा वर्षं उघडपणे, सलग, मालक असल्यासारखा ताबा ठेवला तर तो मालकी सांगू शकतो. मुंबईत राहून गावचा प्लॉट ‘ठेवून’ देणाऱ्या आपल्यासारख्यांना हे माहीत नसतं. आपल्याला वाटतं जमीन कुठे जातेय? जमीन कुठे जात नाही, कुंपण सरकतं.

मी आवाज चढवायच्या तयारीत होतो. चाळीत वाढलेल्या माणसाला इंचांवरून भांडता येतं. पण काकांनी आधी गडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, ‘गडगो म्हातारो झालो रे झिला, सरकलो आसतलो.’

भूकरमापक हसले. बाबाही हसले. काकांनी तिथल्या तिथे कबूल केलं की पावसाच्या आधी चिरे उचलून मागे लावतो, आणि पंचनाम्यावर सही केली. पाच मिनिटांत विषय संपला. मग काकांनी आतून पाणी आणलं, गूळ आणला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, ‘इकतास काय?’

‘बघतोय,’ मी म्हटलं.

‘इकू नको. तुझो बापूस दर वर्साक येता. फणसाच्या बुडात बसता. पाणी पिता नि जाता.’

मला कळेना. बाबा दर वर्षी सावंतवाडीला? आम्हाला तर ते सांगायचे, सारा भरायला गावाला जाऊन येतो. दोन दिवसांत परत. आम्ही कुणी कधी बरोबर गेलो नाही, कुणी विचारलंही नाही. आणि हा फणस? तो बाबांनीच लावलेला, खरेदीखत झालं त्याच वर्षी. पंचवीस वर्षं त्यांचं एक झाड होतं आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता.

दहा बाय सोळा

एजंट संध्याकाळी आला. माणूस सभ्य होता. त्यानं नीट समजावलं. गोव्याचा मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तो इथून बांद्याच्या पलीकडे, हद्दीला लागूनच आहे. गोव्यात जागा परवडत नाही म्हणून लोक अलीकडे येतायत. व्हिला, होमस्टे, सेकंड होम. ‘आता भाव आहे साहेब, उद्याचं कुणी सांगावं?’ त्याचं काहीच चुकत नव्हतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

एजंट गेल्यावर बाबा प्लॉटच्या एका कोपऱ्यात गेले. काकांकडून मागून आणलेला चुना होता, मोजणीच्या खुणांसाठीचा. त्यांनी टेप सोडला, मला एक टोक धरायला सांगितलं आणि फणसापासून थोडं दूर, वाकून वाकून, जमिनीवर एक चौकोन आखला. दहा फूट. सोळा फूट.

‘हे काय?’

‘घर बांधलं असतं तर इथे बांधलं असतं.’

‘बाबा, पाच गुंठे आहेत. मोठं काढा की!’

‘मोठं झाडायला कोण येणार?’

मी त्या चौकोनात उभा राहिलो. इतक्या मोकळ्या जागेत तो एवढासा दिसत होता. पण आत उभं राहिल्यावर मला अंधारातही चालता आलं असतं. इथे पलंग, इथे कपाट, इथे आईची शिलाई मशीन, इथे ताईचं अभ्यासाचं टेबल, जे खरं म्हणजे खिडकीची कडी होती.

मला आमच्या चाळीची आठवण झाली. ती आता पुनर्विकासात जाणार आहे. तिकडे वरळीला बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या, १६० फुटांऐवजी ५०० फुटांची घरं. चांगलंच आहे. संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसानं जुन्या चाळीबद्दल फार गळा काढू नये. आमचीही चाळ जाईल, नवं घर येईल, ते नव्या मजल्यावर असेल. पण त्यानंतर दहा बाय सोळाची ती खोली फक्त इथेच असणार होती. चुन्यानं आखलेली.

ताईला फोन केला. ताई विकायच्या बाजूची, आणि तिची कारणं खरी होती. मी सगळं सांगितलं. गडगा, फणस, काका. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘घर केवढं आखलंय त्यांनी?’

‘आपल्या खोलीएवढं.’

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली.

‘मोरी कुठल्या बाजूला काढलीय?’

मी बाबांना विचारलं. बाबांनी चुन्याचा हात वर करून दाखवलं. ‘डावीकडे म्हणतात,’ मी म्हटलं.

‘उजवीकडे घ्यायला सांग,’ ताई म्हणाली. ‘तिथे डावीकडून पाऊस येईल.’

एजंटाला दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. माझा वन बीएचके वन बीएचकेच राहणार. ताई भाचीसाठी एज्युकेशन लोन काढतेय, त्यात माझा अर्धा वाटा, हेही ठरलं. फुकट काहीच नसतं, बॉस. घर कधी बांधू ते माहीत नाही. पण पुढच्या वर्षी सारा भरायला बाबा एकटे जाणार नाहीत. आणि आई म्हणाली की तीही येते. ‘तुमची ती सावंतवाडी’ एकदा बघायची आहे म्हणे.

तुमचीही फाइल उघडताय?

● सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. सात म्हणजे मालकी आणि हक्क, बारा म्हणजे पीकपाणी. डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या काढता येतो. सोबत ८-अ आणि फेरफारही काढा. गावठाणात किंवा शहर हद्दीत प्लॉट असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक असू शकतं.

● नावं तपासा. वडील-आजोबा गेले असतील तर वारस नोंद झालीय का ते आधी बघा. ती राहिली की प्रत्येक वर्षी नावं वाढत जातात.

● नवीन घेताय? शेतजमीन घ्यायची तर १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार तुम्ही शेतकरी असावे लागता, नाहीतर परवानगी लागते. बिनशेती निवासी प्लॉटला ही अट नाही. पण ‘बिनशेती होणार आहे’ आणि ‘झाली आहे’ यात जमीन-अस्मानाचा फरक. बिनशेतीचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच बदललेत, म्हणून तहसील कार्यालयात चौकशी करूनच पुढे जा.

● मोजणी करा. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज, शुल्क, शेजाऱ्यांना नोटीस आणि शेवटी ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. तो जपून ठेवा. हद्दीचे दगड रंगवून घ्या आणि फोटो काढा.

● वर्षातून एकदा जा. कुंपण बघा, गवत काढा, शेजाऱ्याकडे चहा प्या. शेजाऱ्यासारखा वॉचमन नाही.

● कसे जाल? दादरहून मध्यरात्रीची तुतारी किंवा सीएसएमटीहून कोकणकन्या. सावंतवाडी रोड स्टेशनवरून गावात रिक्षा मिळते. गणपतीत आणि मे महिन्यात जायचं असेल तर बुकिंग उघडल्या दिवशीच बसा.

● काय आणाल? चितार आळीतली लाकडी फळं, गंजिफाचा एखादा पत्ता, कोकम आणि काजू. आणि जमलं तर एक फणसाचं रोप. लावायला जागा असेल तर.